हळद पारखताना डोळ्यांवर किती भरवसा ठेवायचा

सांगलीच्या मार्केट यार्डात अडतीवर मी बावीस वर्षं हळद बघतोय. नवीन पोरगं कामाला लागलं की पहिला प्रश्न ठरलेला: "काका, नुसतं बघून कसं कळतं?" नुसतं बघून कळत नाही, बाबा.

वरवरचं हळकुंड उचलू नका. पोत्यात कोपरापर्यंत हात घाला, मधलं काढा आणि दारात, दिवसाच्या उजेडात न्या. एकदा दिवेलागणीला पिवळ्या बल्बखाली मी एक वक्कल, म्हणजे मालाचा एक लॉट, पास केलं. सकाळी तोच माल फिका दिसला. डोळे खोटं बोलले नव्हते. उजेड पिवळा होता, तो मी हिशेबात धरला नाही. ते मला अजून बोचतं.

मग हळकुंड मोडा. नीट वाळलेलं कट्टकन तुटतं, ओलसर असेल तर आधी वाकतं. रंग मोडलेल्या जागी बघा, कारण वरची चकाकी पॉलिशचीही असते. वासाचं म्हणाल तर सात-आठ पोत्यांनंतर नाक सरावतं, सगळी हळद सारखीच वाटते. बाहेर जाऊन थोडा वेळ मोकळी हवा घ्या.

पोरांना मी तीन वाट्या मांडून दाखवतो: एकीत गरम पाणी, एकीत गार, मधलीत कोमट. एक हात गरमात, दुसरा गारात मिनिटभर ठेवायचा, मग दोन्ही मधल्या वाटीत. एकच पाणी एका हाताला गार लागतं, दुसऱ्याला ऊन. गौतम ऋषींच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथात, प्रत्यक्ष म्हणजे इंद्रियांनी मिळालेल्या ज्ञानाला 'अव्यभिचारि' ही अट आहे, म्हणजे ते वस्तूला सोडून भलतीकडे जाता कामा नये. म्हणून डोळा एक सांगतोय आणि हात दुसरंच, तर दर बोलू नका. पुन्हा पोत्यात हात घाला.

काही गोष्टी मात्र इंद्रियांच्या आवाक्यातच नाहीत. हळद पावडरीत लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा रंग, मिसळलं तर रंग उलट जास्तच खुलतो. ते विष आहे, चाखून ठरवू नका. नमुना प्रयोगशाळेतच द्या.

आणि सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायचे जमिनीतले खड्डे. जमिनीखालच्या बंद पेवात प्राणवायू कमी झालेला असतो. तोंडाशी वाकलात तर हळदीचाच छान वास येतो, गुदमरवणारी हवा नाकाला कळत नाही. पेव उघडून हवा पुरती खेळू द्या, आणि तिथला जाणता हमाल 'उतरा' म्हणेपर्यंत पाय आत घालू नका.