रूपिन की पिन भाबा? आधी मुक्कामांची उंची मांडा

हमटा खिंडीला निघालो तेव्हा खिंडीची उंची मला तोंडपाठ होती, ४,२७० मीटर. रात्री झोपायचं कुठे आणि ती जागा किती उंचावर आहे, हे मात्र एकदाही पाहिलं नव्हतं. इंदूरहून दिल्ली, रात्रीची बस, सकाळी मनाली आणि दुसऱ्याच दिवशी चाल सुरू. दुसरा मुक्काम बालू का घेऱ्याला, सुमारे ३,६०० मीटरवर. रात्री एकच्या सुमारास डोकं असं ठणकायला लागलं की अंधारात तंबूची चेन सापडेना, आणि सापडून उघडेपर्यंत उलटी झालीच. पहाटे टॉर्चच्या उजेडात दोघांनी धरून मला खाली आणलं. त्यातल्या एकाची खिंडही माझ्यापायी राहिली, याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून यंदा ग्रुपमध्ये रूपिन की पिन भाबा (दोन्ही हिमालयातल्या उंच खिंडींचे ट्रेक) अशी चर्चा सुरू झाल्याबरोबर मी वही काढली. तुम्हीही काढा. एक पान, दोन रकाने, आणि त्यांत फक्त मुक्कामांची उंची लिहा. खिंडीची नको, झोपायच्या जागेची. फोटो नंतर बघा.

रूपिनचा रकाना असा भरतो: धौला दीड हजार मीटरच्या आसपास, मग सेवा, मग डोंगराच्या कडेला लटकलेलं जखा गाव सुमारे २,७००, पुढे सरुवास, मग धबधब्याखालचं धंदेरास थाच साधारण साडेतीन हजार, धबधब्याच्या वरचा मुक्काम चार हजार. तिथून खिंड ४,६५०. म्हणजे तीन हजार ओलांडायच्या आधी अंगाला तीन-चार रात्री मिळतात. हल्ली काही जण गाडीने थेट वाटेवरच्या जिस्कूनला जाऊन दोन दिवस वाचवतात. कृपा करून वाचवू नका, त्या दोन रात्रींसाठीच तर धौल्यापासून चालायचं.

आता पिन भाबा. काफनू सुमारे २,४००, आणि पहिलीच रात्र मुलिंगला, सव्वातीन हजारांवर. दुसरी कारा, साडेतीन हजारांच्या वर. तिसरी फुस्तीरंग, चार हजार शंभर. चौथ्या दिवशी खिंड, ४,९०० मीटरच्या वर, जिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त असतो. तीन हजारांच्या वर गेलं की झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जास्तीची काढावी, असा डॉक्टरांचा सर्वमान्य नियम आहे. पिन भाबाचं नेहमीचं वेळापत्रक या नियमाच्या काठावरून जातं, कारा ते फुस्तीरंग तर जरा पलीकडूनच.

आणि खिंडीपलीकडचे मुक्कामही लिहा, ते कुणीच लिहीत नाही. रूपिन ओलांडल्यावर दुसऱ्या दिवशी तुम्ही सांगल्याला, २,७०० मीटरवर असता. पिन भाबा ओलांडल्यावर स्पितीतल्या पिन खोऱ्यात उतरता, आणि रस्त्यावरचं पहिलं गाव मूद, तेच ३,८०० मीटरवर. तिथून मनालीकडे जायचं तर कुंझुम खिंड, पुन्हा साडेचार हजार. थोडक्यात, पलीकडे गेल्यावर डोकं ठणकायला लागलं तर पटकन खाली उतरायला जागाच नाही. उंचीच्या या आजारावर खरा उपाय मात्र एकच, खाली उतरणं.

माझं मत स्पष्ट आहे: चार हजारांवर एकही रात्र काढली नसेल तर आधी रूपिन. पिन भाबाच करायचा असेल तर सुट्टी मोजताना तीन दिवस जास्त धरा. मालवा एक्सप्रेसने अंबाला, तिथून शिमला, मग काफनूकडे वळणारा वांगतूचा फाटा सोडून सरळ कल्प्याला जा. तिथे जवळपास तीन हजार मीटरवर दोन रात्री काढा, मग मागे येऊन काफनू गाठा. मागे येणं जिवावर येतं, पण तरी मागे याच. आणि काऱ्याला एक रात्र जास्त. नेणारी मंडळी 'गरज नाही' म्हणाली तर दुसरी मंडळी शोधा. मलाही तेव्हा 'गरज नाही' असंच सांगितलं होतं.

मोसमाने अर्धा निर्णय तसाही होतो. मुलांच्या सुट्टीत, मे अखेर-जूनमध्ये जायचं तर रूपिन. खिंडीखालच्या घळीत बर्फ असतो, बुटांना मायक्रोस्पाइक (बर्फावर घसरू नये म्हणूनचे काटे) लावून भल्या सकाळी चढायचं, ऊन चढलं की बर्फ भुसभुशीत होतो. जुलै-ऑगस्टला रूपिनमध्ये पाऊस, तेव्हा पिन भाबा बरा. स्पितीची बाजू पर्जन्यछायेत आहे, पण भाबाच्या, म्हणजे चढाच्या बाजूने भिजायची तयारी ठेवा.

सराव: इंदूर साडेपाचशे मीटरवर, इथे उंचीचा सराव होत नाही, कितीही पळा. पायांचा होतो. आठ किलोची सॅक घेऊन इंदूरजवळचा जानापाव डोंगर चढा, आणि मुख्य म्हणजे उतरा. गुडघे उतारावरच बोलतात.

डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, डॉक्टरांना विचारूनच, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. गोळी घेतली म्हणून मुक्कामाची उडी मोठी चालते असं नाही. वही पुन्हा बघा.

बाकी नेहमीचंच. बूट महिनाभर वापरलेले, जाड मोजे, हेडटॉर्च, जास्तीचे सेल, गॉगल, ओआरएस, आधारच्या प्रती. थोडी शेव घ्या, उंचीवर भूक मरते तेव्हा तेवढीच खाल्ली जाते. परवाने नेणाऱ्यांकडून लेखी घ्या. आणि पैसे भरण्याआधी त्यांच्याकडून प्रत्येक मुक्कामाची उंची मागवून वहीतल्या रकान्याशी ताडून बघा.