दोन्ही स्पीकर उलटे जोडले तर कानाला कळते का? घरी घेण्याची चाचणी

एकाच स्पीकरच्या लाल-काळ्या वायरींची अदलाबदल झाली, तर खर्ज नाहीसा होतो आणि गाणाऱ्याचा आवाज मधोमध न राहता विस्कटतो. बेळगाव-निपाणीकडे लग्नाच्या मांडवात साउंड लावणारा नवखा मुलगाही ते क्षणात ओळखतो. आपला प्रश्न वेगळा आहे. दोन्ही स्पीकर एकदम उलटे जोडले, म्हणजे माइकपाशी हवा दाबली गेली त्या क्षणी स्पीकरचा कोन (हवा हलवणारा शंकूसारखा पडदा) पुढे येण्याऐवजी मागे गेला, तर फरक ऐकू येतो का? याला निरपेक्ष पोलॅरिटी म्हणतात. हा काही आवाजाला लागलेला उशीर नव्हे. लहरीची फक्त वर-खाली उलटापालट होते आणि प्रत्येक कंपनसंख्येचे प्रमाण जसेच्या तसे राहते. त्यामुळे मोबाइलवरच्या स्पेक्ट्रमच्या अॅपमध्ये हा फरक शोधण्याचा सल्ला निव्वळ वेळखाऊ आहे.

ज्याच्या लहरीची वरची आणि खालची टोके असमान आहेत, असे ध्वनिमुद्रण घ्यावे. वरातीच्या बँडमधला ट्रम्पेट किंवा जवळच्या माइकवर बोललेला पुरुषी आवाज याला उत्तम. अनेक माइकांवर मुद्रित केलेले चित्रपटगीत घेऊ नये, कारण त्यातल्या निरनिराळ्या माइकांची पोलॅरिटी एकच असेल याची खात्री नसते. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये बारा-पंधरा सेकंदांच्या तुकड्याची पातळी १ डेसिबलने उतरवावी, प्रत काढून ती ‘इन्व्हर्ट’ करावी आणि डिदर (साठवताना मिसळला जाणारा सूक्ष्म खरखराट) बंद ठेवून दोन्ही वेव्ह स्वरूपात साठवावेत. दोन्ही एकत्र वाजवल्यावर संपूर्ण शांतता झाली, तर काम बरोबर झाले.

खरी फसगत होते ती अदलाबदलीच्या क्षणी. पहिल्या खेपेस मी खडेबाजारातून सहा पायांचा टॉगल स्विच आणून अॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये बसवला, भाच्याला स्विचपाशी बसवले आणि पाठ करून ऐकले. १६ पैकी १६ उत्तरे बरोबर आली. दोन दिवस मी हवेत होतो. तिसऱ्या दिवशी भाचाच म्हणाला, “मामा, पोलॅरिटी बदलायची नसेल तेव्हा मी स्विचला हातच लावत नव्हतो.” म्हणजे मी पोलॅरिटी ओळखत नव्हतो, स्विचची ‘टक’ ऐकत होतो. स्विच अगदी नि:शब्द असता तरी मी असाच फसलो असतो, कारण लहर चालू असताना तिची दिशा पालटली की ती एका बाजूच्या उंचीवरून थेट दुसऱ्या बाजूच्या तेवढ्याच खोलीवर आदळते आणि त्या उडीचा स्वतंत्र टिचका ऐकू येतो. संगणकावर वाजता वाजता फाइल बदलली तरी हेच घडते. शिवाय स्विच चुकीचा जोडला गेला आणि वायरी एकमेकींना टेकल्या, तर अॅम्प्लिफायर जळू शकतो. माझे स्पष्ट मत आहे की स्विचच्या भानगडीत पडूच नये.

त्याऐवजी प्रत्येक तुकड्याच्या आरंभी आणि शेवटी ५० मिलिसेकंदांचा फेड (आवाजाचा हळूहळू चढ किंवा उतार) द्यावा आणि दोन तुकड्यांमध्ये पूर्ण एक सेकंद शांतता ठेवावी. आधी सुलट, मग उलट आणि तिसऱ्यांदा या दोहोंपैकी एक, असा क्रम १६ वेळा लावावा. तिसरा कोणता हे दुसऱ्या कोणीतरी नाणे उडवून ठरवावे आणि ऐकताना त्या व्यक्तीने खोलीत थांबू नये, कारण चेहरा बोलतो. आषाढात पत्र्यावर पाऊस कोसळत असताना ही चाचणी घेण्यात अर्थ नाही.

निव्वळ अंदाजाने १६ पैकी १२ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता सुमारे ३.८ टक्के असते. ११ किंवा अधिक येण्याची मात्र १०.५ टक्के. म्हणून १२च्या खालच्या निकालावर बढाई मारू नये आणि गुण चांगले दिसताच चाचणी मध्येच थांबवू नये.

१२ किंवा अधिक उत्तरे बरोबर आली, तर तीच चाचणी हेडफोनवर, बेताच्या आवाजात पुन्हा घ्यावी. मोठ्या आवाजात स्पीकरचा कोन पुढे आणि मागे अगदी सारखा सरकत नाही. त्यामुळे असमान लहर उलटली की विकृतीही बदलते आणि आपण कानाची नव्हे, स्पीकरची परीक्षा घेत बसतो. अर्थात कान सर्वस्वी उदासीन नाही. अंतर्कर्णातील केसपेशी एका दिशेने वाकल्या की उद्दीपित होतात, दुसऱ्या दिशेने वाकल्या की शांत होतात. लिपशिट्झ, पोकॉक आणि व्हँडरकॉय या संशोधकांनी १९८२ मध्ये असमान लहरींच्या ध्वनींवर हा फरक ऐकू येतो असे दाखवले. माझे स्वतःचे गुण ट्रम्पेटवर १३ आले आणि गाण्यांवर ८ व ९.

आपला स्पीकर सुलट आहे का हे पाहायचे असेल, तर अॅम्प्लिफायरच्या वायरी काढून वूफरच्या (खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या) लाल टोकाला दीड व्होल्टच्या सेलचे धन टोक आणि काळ्याला ऋण टोक क्षणभर टेकवावे. कोन बाहेर आला, तर जोडणी सुलट आहे. ट्वीटरवर (तीव्र स्वर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरवर) हा प्रयोग मुळीच करू नये.