पूर इतका सरळ कसा आला?

उपग्रहावरच्या रडारची पहिली प्रतिमा उघडली तेव्हा वाटलं, फाईलच बिघडलीये. सगळं राखाडी, वर कुणी मीठ भुरभुरल्यासारखं. पुन्हा डाउनलोड केली, तरी तेच! त्या दाण्यांना ‘स्पेकल’ म्हणतात आणि तो बिघाड नसतो, हे कळायला आठवडा गेला.

माझी खोड अशी की मी त्या प्रतिमेकडे फोटो म्हणून बघत होतो. ऑप्टिकल डेटावरून, म्हणजे उपग्रहाच्या साध्या फोटोंवरून, इकडे येणारे बहुतेक जण हेच करतात. सेंटिनेल-१ हा रडार-उपग्रह स्वतःच सुमारे ५.६ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी खाली सोडतो आणि परत किती आल्या ते मोजतो. म्हणून त्याला रात्र आडवी येत नाही, ढगही नाहीत. रंगाशी त्याला देणंघेणं नाही. पृष्ठभाग किती खडबडीत, किती ओला, कसा उभा, एवढंच त्याला कळतं.

पहिलं काम मिळालं पुराच्या नकाशाचं. संथ पाणी लहरींना आरशासारखं पलीकडे उडवून लावतं, म्हणून काळं दिसतं. मी एक थ्रेशोल्ड, म्हणजे उजळपणाची एक मर्यादा, लावला. त्याखालचं सगळं पाणी. नकाशा झकास दिसत होता. मार्गदर्शकांनी एका लांबट पट्टीवर बोट ठेवलं आणि विचारलं, “पूर इतका सरळ कसा आला?” ती विमानांची धावपट्टी होती. गुळगुळीत, म्हणून तीही काळी. उलट एक मोठा तलाव माझ्या नकाशात अर्धा कोरडा! त्या दिवशी वारा होता, लाटा उठल्या होत्या. पाण्याखाली गेलेलं जंगल तर नेहमीपेक्षा उजळ दिसतं, कारण लहर पाण्यावरून बुंध्यावर आपटून थेट माघारी येते. तेव्हापासून त्याच कक्षेतली, पुराआधीची प्रतिमा शेजारी ठेवल्याशिवाय मी थ्रेशोल्डला हात लावत नाही.

आणखी एक चूक टाळा: परत आलेल्या लहरींची ताकद बहुधा डेसिबल या लॉगरिदमवर आधारलेल्या एककात दाखवतात. त्या डेसिबलची सरासरी थेट काढू नका. उणे १० आणि उणे २० यांची सरासरी उणे १५ नव्हे, साधारण उणे १२.६ येते. आधी साध्या आकड्यांत बदला, सरासरी काढा, मग परत डेसिबलमध्ये या.

जमीन किती खचली हे मोजायची घाई सगळ्यांनाच असते, मलाही होती. त्याआधी एक संध्याकाळ खर्च करा. एकच डोंगर घ्या आणि भूप्रदेश-दुरुस्ती (चढउतारांमुळे चित्रात आलेला वाकडेपणा काढणं) न करता उपग्रहाच्या उत्तरेकडे जाणाऱ्या व दक्षिणेकडे येणाऱ्या फेरीतून बघा. शिखर दर वेळी उपग्रहाकडे कललेलं दिसेल, म्हणजे दोन चित्रांत विरुद्ध बाजूंना.