झाकली मूठ उघडताना : बॉक्सरचं मोठेपण प्रतिस्पर्ध्यांवरून ठरवायचं तर या चुका टाळा

४९ लढती, ४९ विजय, त्यांतले ४३ नॉकआउट. रॉकी मार्सियानो १९५६ मध्ये निवृत्त झाला तो हा हिशेब घेऊन. तरीही सर्वश्रेष्ठ हेवीवेट कोण हा वाद निघाला, की दोन मिनिटांत कोणीतरी म्हणतंच, "पण त्याने हरवलं कोणाला? म्हाताऱ्यांना!"

प्रश्न योग्य आहे. अपराजित रेकॉर्ड ही झाकली मूठ असते. सव्वा लाखाची असेलही, पण उघडल्याशिवाय कळत नाही, आणि उघडायची म्हणजे प्रतिस्पर्ध्यांची यादी काढायची. इथवर सगळे बरोबर येतात. घोळ होतो तो ती यादी वाचताना. मीसुद्धा बरीच वर्षं नुसती मोठी नावं मोजत होतो आणि ज्याच्या यादीत जास्त, तो थोर असं ठरवून मोकळा होत होतो.

नाव वाचलं, तारीख वाचलीच नाही

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. लॅरी होम्सच्या विजयांत मुहम्मद अली आहे. माइक टायसनच्या विजयांत लॅरी होम्स आहे. नुसती नावं पाहिली तर दोन्ही विजय डोळे दिपवणारे.

आता तारखा पाहा. ऑक्टोबर १९८० मध्ये होम्ससमोर आलेला अली ३८ वर्षांचा होता आणि दोन वर्षं रिंगबाहेर होता. दहा फेऱ्या एकतर्फी मार खाल्ल्यावर त्याच्या कोपऱ्यातल्या प्रशिक्षकानेच लढत थांबवली. हा विजय होम्सच्या बाजूने कोणी मोजत नाही, आणि ते बरोबर आहे. जानेवारी १९८८ मध्ये टायसनसमोर उभा राहिलेला होम्सही ३८ चाच. तोही एप्रिल १९८६ पासून लढलेला नव्हता. चौथ्या फेरीत संपला. पण गंमत पुढे आहे. हाच होम्स १९९२ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी, रे मर्सरला गुणांवर हरवतो आणि त्याच वर्षी तेव्हाचा जगज्जेता इव्हँडर होलिफील्डसमोर पूर्ण १२ फेऱ्या टिकतो. ७५ लढतींच्या कारकिर्दीत त्याला वेळेआधी संपवणारा एकटा टायसन. म्हणजे दोन विजय कागदावर जुळे भाऊ वाटतात, पण टायसनचा विजय होम्सच्या विजयापेक्षा बराच वजनदार आहे.

म्हणून नावासमोर नेहमी एक प्रश्न लिहा : त्या रात्री तो कोण होता? उत्तर शोधायची माझी रीत साधी आहे. प्रतिस्पर्ध्याच्या त्या लढतीआधीच्या तीन आणि नंतरच्या तीन लढती बघायच्या. किती दिवसांनी रिंगमध्ये आला होता, कोणाशी लढला, कसा हरला. पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि निम्मे वाद तिथेच मिटतात.

वय पाहून निकाल लावणं

पहिली चूक सुधारायला गेलेले लोक थेट या दुसऱ्या खड्ड्यात पडतात. पस्तिशी ओलांडली की प्रतिस्पर्धी बाद!

जो कॅलझागीने २००८ मध्ये दोन दिग्गजांना हरवलं. एप्रिलमध्ये ४३ वर्षांचा बर्नार्ड हॉपकिन्स, नोव्हेंबरमध्ये ३९ वर्षांचा रॉय जोन्स. जन्मतारखेने पाहिलं तर जोन्सवरचा विजय मोठा ठरायला हवा. प्रत्यक्षात उलटं आहे. जोन्स २००४ मध्येच लागोपाठ दोनदा नॉकआउट झाला होता. त्याचा सगळा खेळ वेगावर आणि प्रतिक्षिप्त हालचालींवर उभा होता, आणि ते गेल्यावर मागे फारसं काही उरलं नव्हतं. हॉपकिन्सचा खेळ अंतर, पकड आणि डोकं यांवर चालायचा. त्याने कॅलझागीला पहिल्याच फेरीत खाली बसवलं आणि तो हरला तोही पंचांमध्ये विभागलेल्या निकालावर. सहा महिन्यांनी त्याने तोवर अपराजित असलेल्या केली पॅव्हलिकला पूर्ण निष्प्रभ केलं, आणि २०११ मध्ये ४६ व्या वर्षी जाँ पास्कलला हरवून तो सर्वांत वयस्कर जगज्जेता झाला. २००८ मध्ये ४३ वर्षांचा माणूस ३९ वर्षांच्या माणसापेक्षा तरुण होता, असंच म्हणावं लागेल.

"हरला, म्हणजे दमच नव्हता"

जिंकला तर समोरचा कच्चा होता, हरला तर हाच कच्चा होता. या तर्काने कोणीच कधी मोठा ठरू शकत नाही. १९८८ मध्ये टायसनने मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत संपवलं आणि तेव्हापासून स्पिंक्स म्हणजे भेदरलेला माणूस अशीच त्याची ओळख उरली. त्या रात्रीपर्यंत तो ३१ लढतींत अपराजित होता, लाइट हेवीवेटचा (हेवीवेटहून हलका वजनी गट) निर्विवाद राजा राहिला होता आणि होम्सला दोनदा हरवून आला होता. ९१ सेकंदांमुळे ते पुसलं जात नाही.

तीन-आधी-तीन-नंतर या माझ्या रीतीतलं भोकही इथेच आहे. "नंतर"च्या लढती जपून वाचायला हव्यात, कारण कधीकधी ती एक लढतच समोरच्याला संपवते. मार्च १९९० मध्ये मेल्ड्रिक टेलर, १९८४ चा ऑलिम्पिक सुवर्णविजेता, तीनपैकी दोन पंचांच्या गुणपत्रकांवर हुलिओ सेझार चावेझच्या पुढे होता. शेवटच्या फेरीत दोन सेकंद उरले असताना रेफरीने लढत थांबवली. थांबवायला हवी होती का, यावर आजही भांडणं होतात. टेलर मात्र पुन्हा पूर्वीसारखा कधीच दिसला नाही. त्याच्या नंतरच्या घसरणीवरून चावेझचा विजय हलका ठरवणं म्हणजे झाड तोडायचं आणि मग सावली नाही म्हणून तक्रार करायची.

याने त्याला हरवलं, त्याने अमक्याला...

गणित इथे चालत नाही. जो फ्रेझरने १९७१ मध्ये अलीला हरवलं. जॉर्ज फोरमनने १९७३ मध्ये किंग्स्टनला त्या फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं. केन नॉर्टनने त्याच वर्षी अलीचा जबडा मोडून विजय मिळवला आणि पुढच्या वर्षी फोरमनने नॉर्टनलाही दोनच फेऱ्यांत गुंडाळलं. या हिशेबाने फोरमनसमोर अली उभाच राहायला नको होता. ऑक्टोबर १९७४ मध्ये किन्शासात आठव्या फेरीत अलीने फोरमनला नॉकआउट केलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

शैलींचं गणित वेगळं असतं. पुढे घुसणाऱ्याला फोरमन फोडायचा. मागे रेलून त्याला दमवणारा तोवर भेटला नव्हता. म्हणून मी यादीत विजयांची संख्या पाहण्याआधी विविधता पाहतो. डावखुरा, उंच जॅब मारणारा, अंगाला भिडणारा, प्रतिहल्ल्याची वाट पाहणारा : सगळ्या प्रकारच्यांना हरवलंय का? एकाच प्रकारचे वीस बळी मला फारसे प्रभावित करत नाहीत.

पट्टे (म्हणजे किताब) मोजणं

पूर्वी मुख्य वजनी गट ८ होते आणि साधारणपणे प्रत्येक गटात एक जगज्जेता. आज गट १७ आणि किताब देणाऱ्या मोठ्या संस्था चार. त्यामुळे "माजी जगज्जेत्यांवर अमुक विजय" हा आकडा वेगवेगळ्या काळांतल्या बॉक्सरांची तुलना करायला निरुपयोगी आहे.

उलट बाजू त्याहून महत्त्वाची. एझार्ड चार्ल्सने १९४६ ते १९४८ या काळात आर्ची मूरला तिन्ही लढतींत हरवलं. तेव्हा मूरकडे किताब नव्हता. तो त्याला डिसेंबर १९५२ मध्ये मिळाला. चार्ली बर्लीला तर जागतिक किताबासाठी लढायची संधीच कधी मिळाली नाही. त्याच बर्लीने १९४४ मध्ये मूरला हरवलं होतं, आणि चार्ल्सने १९४२ मध्ये बर्लीला दोनदा. चार्ल्सच्या कारकिर्दीतलं माझ्या मते सर्वांत मौल्यवान काम हे आहे, आणि पट्टे मोजणाऱ्याला त्यातलं काहीच दिसणार नाही. कृष्णवर्णीय बॉक्सरांना वर्णभेदामुळे किताबापासून दूर ठेवलं जात होतं. त्या काळाच्या याद्या वाचताना किताब न मिळालेल्यांची नावं आधी शोधा.

याच कारणाने न झालेल्या लढतीही यादीचाच भाग धराव्यात. हेवीवेट जगज्जेता जॅक डेम्प्सी आणि त्याला आव्हान देणारा कृष्णवर्णीय हॅरी विल्स यांची लढत कधीच झाली नाही. ते रिकामं घर डेम्प्सीच्या पानावर राहतंच, दोष कोणाचाही असो.

वजनाची ओळ वगळणं

शुगर रे रॉबिन्सनचा पहिला पराभव फेब्रुवारी १९४३ मधला, ४० सलग विजयांनंतर, जेक लामोटाकडून. लामोटा त्या दिवशी सुमारे १६ पौंडांनी जड होता. तीनच आठवड्यांत रॉबिन्सनने त्याला पुन्हा गाठून हरवलं, आणि सहा लढतींत शेवटचा हिशेब ५-१. असा पराभव माझ्या लेखी कित्येकांच्या विजयांपेक्षा जड आहे.

ठरवून घेतलेल्या वजनावरही लक्ष असू द्या. २०१३ मध्ये मेवेदरने कानेलोला १५४ पौंडांच्या किताबासाठी १५२ वर बोलावलं, आणि कानेलो अवघा २३ चा होता. २००८ मध्ये पॅकियाओसमोर आलेला दे ला होया अनेक वर्षांनी वेल्टरवेटपर्यंत (१४७ पौंड) उतरला होता आणि तो सुकलेला दिसत होता. विजय खोटे नाहीत. पण किमतीतून थोडं कापावं लागतं, आणि ते आपल्या आवडत्याच्या बाबतीतही कापावं लागतं. बहुतेकांची गाडी तिथेच अडते : आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

निकाल वाचला, लढत पाहिली नाही

मराठीत ठोशालाही पंच म्हणतात आणि निकाल देणाऱ्यालाही, आणि कधीकधी दुसऱ्याचाच जास्त लागतो. मार्च १९९९ मधल्या होलिफील्ड-लेनॉक्स लुईस लढतीचा बरोबरीचा निकाल पाहा. रेकॉर्डमध्ये "बरोबरी" दिसते, पण लढत बघितलेल्या बहुतेकांना लुईस जिंकलेला दिसला. २००३ मध्ये लुईस विटाली क्लिच्कोविरुद्ध जिंकला तो विटालीच्या डोळ्याजवळच्या जखमेमुळे. सहा फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांच्या लेखी विटाली ५८-५६ ने पुढे होता. तो पराभव विटालीच्या बाजूने बोलतो.

मग मार्सियानोचं काय?

जो लुईस, ऑक्टोबर १९५१ : वय ३७, लागोपाठ आठ विजय घेऊन आलेला असला तरी शेवटच्या वाटेवर, आणि ती त्याची अखेरचीच लढत ठरली. हे नाव मी हलक्या हाताने मोजतो. तेव्हाचा जगज्जेता जर्सी जो वॉलकॉट, सप्टेंबर १९५२ : वय ३८, म्हणजे लुईसपेक्षाही मोठं. पण त्याने मार्सियानोला पहिल्याच फेरीत पाडलं, १२ फेऱ्या तिन्ही गुणपत्रकांवर पुढे राहिला आणि तेराव्या फेरीतल्या एका उजव्या ठोशाने गेला. हा विजय पूर्ण किमतीचा. राहिला मूर, १९५५, ज्याला सगळे हमखास "म्हातारा" म्हणतात. त्यानेही मार्सियानोला दुसऱ्या फेरीत खाली बसवलं होतं. आणि त्यानंतर तीन वर्षांनी, डिसेंबर १९५८ मध्ये, इव्हॉन ड्युरेलकडून पहिल्या फेरीत तीनदा आणि पाचव्या फेरीत एकदा खाली पडूनही याच म्हाताऱ्याने अकराव्या फेरीत ड्युरेलला नॉकआउट करून आपला लाइट हेवीवेट किताब राखला.