थिंद खटला वर्गात असा घ्या

कराडच्या आमच्या शाळेत नववीला मी हा तास घेते. निकाल आधी फोडू नका, सगळी मजा जाते.

फळ्यावर अमेरिकेचा 1790 चा कायदा लिहा: नागरिकत्व फक्त 'मुक्त गोऱ्या' लोकांना. शेजारी 1922 चा ओझावा निकाल, म्हणजे जपानी ताकाओ ओझावा यांना नागरिकत्व नाकारताना तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलेलं: गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा (त्या काळच्या वंशशास्त्रात युरोपीयांसह अनेक भारतीयही यात मोडत). मग अमेरिकी नागरिकत्व मागणारे, तिथल्या सैन्यात पगडी घालून राहिलेले पंजाबी शीख भगतसिंग थिंद आणा. ते म्हणतात, मीही कॉकेशियनच. द्यायचं नागरिकत्व? बहुतेक हात वर होतात. आता 1923 चा निकाल वाचा. ओझावा निकाल लिहिणारेच न्यायमूर्ती सदरलँड आता म्हणतात, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा; थिंद हरतात. वर्ग नुसता पेटतो.

थिंद यांच्या बाजूनं उच्चवर्णीय आर्य रक्ताचा दावा केला गेला होता, हे मात्र लपवू नका. सत्यशोधकांच्या या मुलखात पोरं त्यावर कचरत नाहीत. तास इथंच खर्ची पडू द्या.

अमेरिकेचा 1946 चा कायदा, म्हणजे भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क पण वर्षाला 100 जणांनाच प्रवेश, दोन मिनिटांत उरकतो. गृहपाठ थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावर. थिंद निकालानंतर अमेरिकी सरकारनं पंडितांना आधी मिळालेलं नागरिकत्वही काढायला खटला भरला, पण पंडित जिंकले. त्यांच्या जागी राहून न्यायाधीशांना एक पानाचं पत्र लिहायला सांगा.