पॉलिआयसोप्रीनच्या साखळीची लांबी डायइलेक्ट्रिक सेलमध्ये कशी वाचायची

लॅबमध्ये नवीन आलेल्या मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगते: साखळीची लांबी तिच्या हालचालीच्या वेगावरून वाचायची असेल, तर पॉलिस्टायरीन राहू दे, सिस-पॉलिआयसोप्रीन (नैसर्गिक रबरातला पॉलिमर) घे. पॉलिस्टायरीनचे द्विध्रुव (धन-ऋण विद्युतभारांच्या जोड्या) साखळीला आडवे असतात. त्यामुळे साखळी शंभर घटकांची असो की हजाराची, विद्युतक्षेत्राला दिसते ती फक्त छोट्या तुकड्यांची वळवळ. पॉलिआयसोप्रीनच्या प्रत्येक घटकाच्या द्विध्रुवाचा थोडा भाग साखळीच्या दिशेनंच असतो. एकामागोमाग एक जोडलेल्या या भागांची बेरीज केली की साखळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा सदिश मिळतो. म्हणजे अख्खी साखळी वळली की तेही दिसतं. अशा पॉलिमरना स्टॉकमायर यांनी 1967 मध्ये ‘अ’ प्रकारात घातलं, आणि 1980 च्या दशकात ओसाकात अदाची आणि कोटाका यांनी याच पदार्थावर सविस्तर मोजमापं केली.

सॅम्पल घेताना पॉलिडिस्पर्सिटी (साखळ्यांच्या लांबीतली सरमिसळ; सगळ्या सारख्या असतील तर 1) 1.1 च्या आत आहे ना, हे बघा. लांब साखळ्यांचा रिलॅक्सेशन काळ (साखळीला आपली दिशा विसरायला लागणारा वेळ) मोलर वस्तुमानाच्या साधारण 3.4 व्या घातानं वाढतो, त्यामुळे लांबीत थोडी जरी सरमिसळ असली तरी शिखर पसरट होतं. सुमारे 10,000 ग्रॅम प्रति मोलला साखळ्या एकमेकींत अडकू लागतात. त्याच्या खालची तीन आणि वरची तीन सॅम्पलं हवीत. मी 2,000, 5,000, 8,000 आणि 15,000, 30,000, 60,000 निवडेन. महाग पडतं, पण दोन बिंदूंतून काढलेल्या रेषेवर माझा विश्वास नाही. बाटल्या नायट्रोजन भरून फ्रीझरमध्ये ठेवा. दुहेरी बंधांमुळे हा पदार्थ हवेत ऑक्सिडाइझ होतो.

सेल भरताना घाई नको. 20 मिमी व्यासाच्या दोन पितळी चकत्या आणि मधे 0.1 मिमी जाडीचे सिलिकाचे धागे, एवढ्यावर काम होतं. रिकाम्या सेलची धारिता 27.8 पिकोफॅरड येते. सॅम्पल 60 अंशांवर व्हॅक्यूममध्ये ठेवून बुडबुडे जाऊ द्या, मग वरची चकती एका कडेनं हळूहळू टेकवा. खोलीच्या तापमानाला, 1 मेगाहर्ट्झवर धारिता 65 पिकोफॅरडच्या आसपास यायला हवी. 50 दिसली तर आत हवा आहे, पुन्हा भरा. पुण्याच्या पावसाळ्यात आणखी एक पथ्य: थंड सेल उघडायची नाही. बाहेरची दमट हवा लागताच इलेक्ट्रोडवर दव धरतं आणि तो दिवस वाया जातो.

उणे 60 पासून अधिक 60 अंशांपर्यंत 5-5 अंशांनी चढा, प्रत्येक तापमानाला पंधरा मिनिटं थांबा आणि 0.1 हर्ट्झ ते 1 मेगाहर्ट्झ मोजा. लॉसच्या (विद्युतक्षेत्राची ऊर्जा सॅम्पलमध्ये किती खर्च होते, त्याच्या) ग्राफवर दोन शिखरं दिसतील. जास्त फ्रीक्वेन्सीचं तुकड्यांचं, कमी फ्रीक्वेन्सीचं अख्ख्या साखळीचं. सॅम्पल बदललं की दुसरं शिखर डावीकडे झपाट्यानं सरकतं, पहिलं जेमतेम हलतं.

कमी फ्रीक्वेन्सीला लॉस उतारहीन न राहता वर चढत गेला आणि परमिटिव्हिटीचा वास्तव भाग (धारितेवरून मिळतो तो) मात्र सपाट राहिला, तर ते आयनांचं वहन आहे, साखळी नव्हे. वास्तव भागही उसळला तर इलेक्ट्रोडवर आयन साचताहेत का, असा संशय घ्या. स्पेसरची, म्हणजे मधल्या धाग्यांची, जाडी बदलून पुन्हा मोजा: साखळीचं शिखर जागचं हलणार नाही, आयनांचा परिणाम सरकेल. शिखराची ताकदही तपासा. टोकांमधल्या अंतराच्या वर्गाची सरासरी मोलर वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते आणि तेवढ्याच पदार्थातली साखळ्यांची संख्या त्याच प्रमाणात घटते, म्हणून सगळ्या सॅम्पलांत ती जवळपास सारखी यायला हवी.

आता चूक कुठे होते ते. माझ्या पहिल्या वर्षी मी एकाच तापमानावरचे साखळीचे काळ घेऊन मोलर वस्तुमानाविरुद्ध लॉग-लॉग ग्राफ काढला. छोट्या साखळ्यांचाच उतार अडीचच्या वर आला. न गुंतलेल्या साखळ्यांसाठीचं राऊझचं 1953 चं प्रतिमान तिथे 2 सांगतं. साखळ्या अपेक्षेपेक्षा लवकर गुंततात, असं मी लिहूनही टाकलं होतं. खरं कारण साधं होतं: आखूड साखळीला टोकं जास्त, म्हणून तिचं काचसंक्रमण तापमान (ज्याच्या खाली पदार्थ काचेसारखा गोठतो ते) खाली. त्याच तापमानाला तिचे तुकडेच अधिक चपळ होते, आणि मी ती चपळाई लांबीच्या खात्यावर जमा केली होती.

म्हणून साखळीच्या काळाला त्याच सॅम्पलच्या तुकड्यांच्या काळानं भागा. काळ काढायचा तो 1 भागिले (2π गुणिले शिखराची फ्रीक्वेन्सी). लांब साखळ्यांत दोन्ही शिखरं एकाच तापमानाला मोजलेल्या फ्रीक्वेन्सींच्या खिडकीत मावत नाहीत. तेव्हा तुकड्यांचे काळ व्होगेल-फुल्चर समीकरणात (तापमानानुसार काळ कसा बदलतो ते सांगणाऱ्या) बसवून वरच्या तापमानापर्यंत वाढवा. काचसंक्रमणाच्या फार जवळचे आकडे या गुणोत्तरात घेऊ नका, कारण तिथे तुकडे साखळीपेक्षा वेगानं मंदावतात आणि दोन शिखरं एकमेकांकडे सरकतात.

ते गुणोत्तर मोलर वस्तुमानाविरुद्ध काढल्यावर माझ्या छोट्या साखळ्या 2 च्या उतारावर आल्या: वस्तुमान दुप्पट, काळ चौपट. गुंत्यापलीकडे उतार साडेतीनच्या आसपास जातो, म्हणजे दुप्पट वस्तुमानाला काळ दहापटीहून जास्त. गुंतलेली साखळी सापासारखी आपल्याच वाटेनं सरपटते, या द जेनच्या 1971 च्या कल्पनेतून नेमका 3 येतो. हा वरचा फरक खरा आहे, तो फिटिंगमध्ये दाबून 3 वर आणू नका.