गणपतीला ऑटिस्टिक मूल घरी येणार असेल तर काय करायचं, एका मामीकडून

गणपती जवळ आले की पाहुण्यांच्या याद्या सुरू होतात. त्यात ऑटिस्टिक मूल असलेलं एखादं घर असेल आणि "बोलवावं की नको, त्याला उगाच त्रास" अशी कुजबुज तुमच्या स्वयंपाकघरात चालू असेल तर हे वाचा. आमच्याकडे डोंबिवलीत पाच दिवसांचा गणपती असतो. माझ्या नणंदेचा मुलगा ऑटिस्टिक आहे, आता तेरा वर्षांचा. सुरुवातीला मी चुकता येईल तेवढी चुकले, तेवढ्याच भांडवलावर लिहितेय.

तर पहिलं म्हणजे बोलवा. "त्याला त्रास होईल म्हणून नाही बोलावलं हं" हे ऐकून ऐकून वन्सं कुठे जायच्याच बंद झाल्या होत्या. यायचं की नाही ते त्यांचं ते बघतील. पण बोलावताना फोनवर सरळ विचारायचं, त्याला काय चालतं, काय नाही, काय खातो, कशाने घाबरतो. मी किती वर्षं हे विचारलंच नाही कारण वाटायचं त्यांना वाईट वाटेल. विचारलं तेव्हा पाऊण तास बोलत होत्या, म्हणजे इतकी वर्षं कोणी विचारायचीच वाट बघत होत्या की काय कोण जाणे.

आता आरती. पहिल्या वर्षी दहा बाय बाराच्या हॉलमध्ये पंचवीस माणसं, चार जण जीव तोडून झांजा वाजवतायत, कापूर, अगरबत्ती, वर माझ्या दिरांचा आवाज. हा कानांवर हात ठेवून डायनिंग टेबलाखाली गेला आणि "पुढील स्टेशन दादर, पुढील स्टेशन दादर" असं ओरडायला लागला. मला वाटलं लाडावलेला आहे, हट्ट करतोय. मी हात धरून बाहेर ओढला, म्हटलं बाप्पाला नमस्कार कर आधी. चावला मला. आणि मी तो चावा चार दिवस सगळ्यांना दाखवत फिरले, आज आठवलं तरी लाज वाटते. कारण वन्सं राहतात दादरला. लोकलमध्ये ते वाक्य लागलं की उतरायचं असतं, मग घर येतं. तो आम्हाला व्यवस्थित सांगत होता की मला घरी जायचंय. ही मुलं ऐकलेली वाक्यं तशीच्या तशी परत म्हणतात ते बरेचदा बडबड नसते, बोलणंच असतं, आपल्याला त्याची किल्ली माहीत नसते एवढंच. म्हणून अशी दोनतीन वाक्यं आणि त्यांचा अर्थ आईबाबांकडून आधीच विचारून घ्या. काही मुलं बोलण्यासाठी चित्रांची कार्डं किंवा टॅबवरचं ॲप वापरतात, तेव्हा "आल्याआल्या मोबाईल कशाला" असं म्हणून टॅब काढून घेऊ नका, तो त्याचा आवाज आहे.

आणि हट्ट वेगळा, हे वेगळं. हट्ट करणारं पोर एक डोळा आपल्याकडे ठेवून रडतं, मिळालं की गप्प. इथे आवाज, वास, गर्दी सगळं एकदम अंगावर येऊन डोकं भरून जातं, मग समजावून, ओरडून, चॉकलेट देऊन काही होत नाही. आवाज बंद करायचा, माणसं बाजूला करायची, शांत बसू द्यायचं. आणि गोल करून बघत उभं राहायचं नाही, हे आपल्याकडे फार आहे.

आमच्याकडे आता आरतीची वेळ साडेसात म्हणजे साडेसात. पूर्वी साडेसातची आरती सव्वाआठला व्हायची, कोणाचं काही बिघडायचं नाही, पण त्याला साडेसात सांगितलं की तो सात वाजल्यापासून घड्याळ बघतो. आदल्या दिवशी मी हॉलचे, मखराचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवते आणि काय काय होणार ते क्रमाने लिहिते, आधी आरती, मग प्रसाद, मग जेवण, मग घरी. वन्सं त्याला ते चारपाचदा दाखवतात. आरतीत झांजेचा एकच जोड. तो कानाला हार्डवेअरच्या दुकानात मिळतात तसले इअरमफ लावतो, कोणी हसत नाही, हसलं तर मी बघून घेते. गंमत म्हणजे घंटा स्वतः वाजवायला दिली तर त्याला चालते. दुसऱ्याने अचानक वाजवलेलं सहन होत नाही, स्वतःच्या हातातलं होतं.

आतली बेडरूम त्याच्यासाठी रिकामी ठेवायची. हे सोपं वाटतं पण नाहीये, गणपतीत बेडरूम म्हणजे बायकांच्या पर्सेस, झोपलेली दोन बाळं आणि साडी बदलणारी एक काकू. मी आता सरळ किल्ली वन्संकडे देते.

प्रसाद हातावर ठेवू नका. पंचामृत तळहातावर पडून बोटांमधून ओघळलं की काही मुलांना ते अक्षरशः सहन होत नाही. वाटीत द्या, चमचा द्या, नको म्हणाला तर राहू द्या. उकडीचा मोदक खाल्ला नाही म्हणून कोणाचं काही अडत नाही. आमचा साधा वरणभात खातो, दोन्ही वेगवेगळे, एकमेकांना लागायला नकोत. पाया पडायला लावणं, गालगुच्चे, "मामाला पापी दे" हे सगळं बंद.

दारावर एक माणूस ठेवा, हे सगळ्यात महत्त्वाचं. गणपतीत आपली दारं दिवसभर सताड उघडी असतात आणि अशी बरीच मुलं कोणाच्या लक्षात न येता चालू लागतात. आमच्याकडे पुतण्या दाराशी खुर्ची टाकून बसतो. शिवाय खिशात आईचा नंबर लिहिलेली चिठ्ठी. सापडला नाही तर बिल्डिंगभर शोधण्यात अर्धा तास घालवू नका, लगेच ११२ या आणीबाणीच्या नंबरला फोन लावा.

आणि नुसतं सांभाळू नका हो, काम द्या. आमच्याकडे दुर्वांच्या एकवीसच्या जुड्या तो करतो. बावीस नाही, वीस नाही, सगळ्या एका उंचीच्या, आमच्यातल्या कोणाच्याच एवढ्या नीट होत नाहीत. (२०१६ च्या अपंग हक्क कायद्यात अपंगत्वाचे प्रकारही २१ च आहेत, ऑटिझम त्यातला एक. १९९५ च्या कायद्यात तो नव्हताच.)

नातेवाईकांचं काय करायचं ते अवघड. "अजून बोलत नाही?", "आमच्या शेजाऱ्यांचा पाच वर्षांनी बोलला", "तुम्ही दोघं नोकरीला म्हणून", "लसीमुळे होतं म्हणे". लसीचं ते १९९८ च्या एका संशोधनातून सुरू झालं, आणि ते छापणाऱ्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकानेच २०१० मध्ये ते मागे घेतलं. आईच्या वागण्याने ऑटिझम होत नाही. मी आता पाहुणे यायच्या आधीच ग्रुपवर टाकते की वन्संना सल्ले द्यायचे नाहीत, मला द्या, मी ऐकून घेईन. एक आत्या रुसल्या होत्या, आल्या परत. आणि मुलासमोर त्याच्याबद्दल बोलू नका, तो बोलत नाही म्हणजे ऐकत नाही असं नाही. ऑटिस्टिकला मराठीत स्वमग्न म्हणतात, तो शब्दही मला पटत नाही, हा स्वतःत मग्न वगैरे काही नसतो, कोणाची चप्पल कुठे आहे ते सगळ्यांत आधी त्यालाच माहीत.

सोसायटीच्या मंडळाशीही बोला, पण गणपती बसायच्या आधी, नंतर कोणाला वेळ नसतो. आम्ही एवढंच मागितलं की रोज चार ते पाच स्पीकर बंद. आधी "एका मुलासाठी?" झालं. मग त्या तासाला दर्शनाला तीन आजोबा, एक बाळंतीण आणि मायग्रेनवाल्या सेक्रेटरीबाई पण यायला लागल्या. नियम हवा असेल तर निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री दहानंतर स्पीकर बंद, सरकारने बारापर्यंत सूट दिलेले ठरावीक दिवस सोडून. पण नियम काढून भांडायला जाऊ नका, चहा पीत सांगा, लवकर होतं. मोठ्या मंडळाला जाणार असाल आणि तिथे अपंगांसाठी वेगळी रांग असेल तर यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, जवळ ठेवा, ऑटिझम बघून कळत नाही आणि स्वयंसेवक "हा तर धडधाकट आहे" म्हणून परत पाठवतो.

विसर्जनाला आम्ही दुपारीच कृत्रिम तलावावर जातो, ढोलताशे सुरू व्हायच्या आत. तरी पहिल्यांदा बाप्पा पाण्यात गेल्यावर तो इतका रडला की आम्हीच घाबरलो, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं ना की गणपती बुडवतात. आता फोटोंच्या क्रमात शेवटचे दोन फोटो असतात, पाण्यातला बाप्पा आणि रिकामा पाट. पण रिकामा पाट त्याला बघवत नाही. आमच्या सासूबाई विसर्जनाहून मूठभर माती आणून पाटावर ठेवायच्या, मधे आम्ही आळसाने सोडून दिलं होतं. आता ती माती तोच आणतो, स्टीलच्या डबीत, पाटाच्या बरोबर मध्यावर ठेवतो, एकदा घंटा वाजवतो, आणि मग म्हणतो, पुढील स्टेशन दादर.